६.७ सेकंदांनंतर

रविवारी पहाटे पौड रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीशी पाच-सात गाड्या लागलेल्या असतात. कुणी मुळशीकडे निघालेला, कुणी ताम्हिणी उतरून माणगावला. हातात चहा आणि तोंडात एकच वाद : कुणाची गाडी भारी? "शून्य ते शंभर किती सेकंदांत?" हा पहिला प्रश्न. ज्याचं उत्तर लहान, तो जिंकला. वाद तिथेच मिटतो.

मी या वादात वीस वर्षं बसतो आहे आणि तो मला मनापासून आवडतो. पण त्याचा निकाल चुकीच्या मापाने लावला जातो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी आकडेवाल्यांची बाजू नीट मांडतो, कारण ती फुटकळ नाही. ते म्हणतात, आनंद ज्याचा त्याचा. घड्याळ मात्र सगळ्यांना सारखं. दाखला आपल्या चाकणचाच घ्या. फोक्सवॅगनची पोलो इथे २०१० ते २०२२ अशी बारा वर्षं विकली गेली. २०१३ साली आलेली तिची जीटी टीएसआय म्हणजे १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती आणि शून्य ते शंभर ९.७ सेकंदांत. त्याच चाकणमध्ये आज महिंद्राची बीई ६ ही विजेवरची गाडी बनते. मोठ्या बॅटरीच्या बीई ६ची ताकद २८६ अश्वशक्ती आणि कंपनीच्या आकड्यानुसार शंभराला लागतात ६.७ सेकंद. मग कोणती चालवायला जास्त मजा येणार, यात विचारायचं काय, असा त्यांचा सवाल.

माझा उलट सवाल एवढाच : सातव्या सेकंदाला काय करायचं?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला कारची वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे, घाटात त्याहून बरीच कमी. म्हणजे पाय पूर्ण दाबला, ६.७ सेकंद गेले आणि सगळी मेजवानी संपली. पुढचा तासभर त्या २८६ अश्वशक्तीला आवरत बसायचं. कर्वे रस्त्यावर तर तेवढीही सोय नाही. सिग्नल सुटतो आणि पुढे रिक्षा असते. जी ताकद रस्त्यावर वापरताच येत नाही, ती आनंद कसा देणार? ती फक्त सांगायला उरते.

दुसरा दोष याहून मोठा आहे. शून्य ते शंभरच्या आकड्यात चालक कुठेच नसतो. ऑटोमॅटिक किंवा विजेवरच्या गाडीत सरळ रस्त्यावर पाय दाबायचा, बाकी सगळं गाडी करते. तीस वर्षं घाट चालवलेल्या माणसाने दाबला काय आणि परवाच लायसन मिळालेल्या मुलाने दाबला काय, सेकंद जवळपास तेवढेच लागणार. गाडीची कुवत मोजायला हे माप उत्तम आहे आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण प्रश्न गाडी चालवण्यातल्या मजेचा असेल, तर चालवणाऱ्याला वगळून तो सुटेलच कसा?

आकडेवाल्यांचं स्वतःचं वागणंही माझ्याच बाजूने साक्ष देतं. २०१५ साली रांजणगावच्या कारखान्यातून अबार्थ पुंटो आली : १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. आकडाच निर्णायक असता, तर १०५वाली पोलो त्याच दिवशी वादातून बाद व्हायला हवी होती. झाली नाही. पोलोवाले तिच्या सात गिअरच्या डीएसजीचं आणि रस्त्याला धरून राहण्याचं कौतुक करत राहिले; पुंटोवाले जड हायड्रॉलिक स्टेअरिंगचं आणि स्वतःच्या हाताने टाकायच्या गिअरचं. दोन्ही बाजू बोलत होत्या त्या हाताला आणि पाठीला जाणवणाऱ्या गोष्टींबद्दल. सेकंदांचा विषय कधीच मागे पडला होता.

दुसरा पूर्वपक्ष जास्त गंभीर आहे. १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरात भरधाव पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. तेव्हापासून या शहरात कुणी गाडीचा शौक सांगितला की समोरच्याचा चेहरा बदलतो. त्यांचं म्हणणं : हा शौक म्हणजे माज, आणि त्याची किंमत दुसरे मोजतात.

या रागापुढे मी मान खाली घालतो. तो राग खरा आहे, असलाच पाहिजे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. गाडीचं खरं वेड लागलेल्याला पहिली गोष्ट कळते ती वेगाची किंमत. वेग दुप्पट झाला की गाडीतली गतिज ऊर्जा चौपट होते. ५०वरून १००वर गेलात की थांबायला ब्रेकला चौपट अंतर लागतं. टायरची पकड ठरावीक असते. ती ब्रेकला दिली की वळायला कमी उरते. म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही. ज्याला हे अंगवळणी पडलं, तो वस्तीच्या रस्त्यावर वेग दाखवायला धजावत नाही. ज्यांना वेगच हवा, त्यांच्यासाठी चेन्नई आणि कोइम्बतूरचे ट्रॅक आहेत. आपल्या पुण्याचेच संजय टकले रॅलीच्या जगात नावारूपाला आले, ते बंद केलेल्या रस्त्यांवर, नियमांच्या चौकटीत. कल्याणीनगरच्या त्या पहाटेला शौक म्हणणं हा शौकाचा अपमान आहे. आणि एक कबुलीही द्यायला हवी : टपरीवर आपण फक्त सेकंद मोजत बसलो, तर पोरं त्यातून वेगच शिकणार.

मग मजा आहे कशात?

मी चालवायला शिकलो मामाच्या मारुती ८००वर. ७९६ सीसीचं इंजिन, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आत, वजन साधारण साडेसहाशे किलो आणि पॉवर स्टेअरिंगचं नाव नाही. जुलै महिना होता. ताम्हिणी गाव मागे पडून उतार लागला तसा मी स्टेअरिंग घट्ट आवळून बसलो. मामा म्हणाला, "मूठ सोड. बोटांनी धर. आवळून धरलंस तर गाडी काय सांगते ते कळणार नाही." पुढच्या डाव्या वळणावर डोंगरावरून माती वाहून आली होती. चाकं तिच्यावर गेली आणि क्षणभर स्टेअरिंग हलकं पडलं, जणू पलीकडून कुणी दोरी ढिली सोडली. मी पाय उचलला, दोरी पुन्हा ताठ झाली. वेग होता जेमतेम चाळीस.

त्यामागचं कारण मला पुढे कळलं. वळणात पुढचे टायर स्टेअरिंगला सरळ करायला ओढत असतात. पकड संपत आली की ती ओढ आधी कमी होते आणि चाक घसरतं त्यानंतर. म्हणजे गाडी चालकाला आगाऊ सूचना देते. चांगल्या गाडीत ती सूचना हातापर्यंत पोचते, वाईट गाडीत वाटेतच विरते. गाडीने सांगावं, आपण ऐकावं, आपण करू त्याला तिने लगेच उत्तर द्यावं : हा संवाद म्हणजेच ड्रायव्हिंगची मजा. वजन कमी असलं की तो स्पष्ट ऐकू येतो. ताकद बेताची असली की दुसरा-तिसरा गिअर पुरता पिळून वापरता येतो आणि कायदाही मोडत नाही. आणि रस्ता ओळखीचा असला की त्यात दर वेळी नवं काहीतरी सापडतं.

कुणी म्हणेल, हे जुन्या गाड्यांचं हळवेपण आहे. नाही. विजेवरच्या गाडीची बॅटरी तळाशी असते, त्यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणात ती कमी झुकते. पायाला मोटरचं उत्तरही तत्काळ मिळतं. हे गुणच आहेत, आणि माझ्या मापात त्यांना पुरेपूर गुण मिळतात. फक्त परीक्षा वळणावर घ्या, सरळ रस्त्यावर नको. टेस्ट ड्राइव्हला गेलात की हमरस्ता सोडा, खडबडीत वळणाचा रस्ता पकडा आणि चाळीस-पन्नासच्या वेगात बघा : पुढची चाकं काय करताहेत ते हाताला कळतंय का? ब्रेक पाय दाबेल तेवढाच लागतोय का?

गेल्या पावसाळ्यात मी भाचीला ताम्हिणीत घेऊन गेलो. नवं लायसन, माझी जुनी हॅचबॅक. तिचे दोन्ही हात स्टेअरिंगवर गच्च. मी मामाचंच वाक्य तिला सांगितलं. चार वळणं गेली. पाचव्याला रस्ता ओला होता, तिने हळूच पाय उचलला आणि समोरची नजर न हलवता विचारलं, "मामा, आत्ता हलकं झालं ना?"

काट्याकडे पाहिलं. अडतीस.