खाशाबांचे देणे अजून बाकीच!

१५ जानेवारी हा दिवस महाराष्ट्र शासन २०२४ पासून राज्य क्रीडा दिन म्हणून पाळू लागले आहे. ज्यांच्या जन्मदिनाला हा मान मिळाला, त्या कै. खाशाबा दादासाहेब जाधवांना भारत सरकारने मात्र आजतागायत साधी पद्मश्रीही दिलेली नाही! राज्याने ज्यांच्या नावे दिवस मुक्रर करावा, त्यांचे नाव दिल्लीच्या यादीत एकदाही येऊ नये, ही गोष्ट आम्हांला केवळ विसंगत नव्हे, तर लाजिरवाणी वाटते.

काय केले होते खाशाबांनी? कराड तालुक्यातील गोळेश्वरचा हा मल्ल तांबड्या मातीत वाढला. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये तो प्रथमच मॅटवर उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. चार वर्षांनी, २३ जुलै १९५२ रोजी, हेलसिंकी येथे ५७ किलो वजनाच्या फ्रीस्टाइल गटात त्याने कांस्यपदक पटकावले. सुवर्ण जपानच्या शोहाची इशीला गेले, रौप्य सोव्हिएत रशियाच्या रशीद ममदबेकोवला. स्वतंत्र भारताच्या कोणाही खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळवलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, लिअँडर पेसच्या अटलांटातील कांस्यापर्यंत, ४४ वर्षे थांबावे लागले. मधली दहा ऑलिंपिके वैयक्तिक पदकाविना गेली. महाराष्ट्राची प्रतीक्षा तर याहून दीर्घ. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये नेमबाजीचे कांस्य जिंकले ते २०२४ साली, म्हणजे तब्बल ७२ वर्षांनी! कुसाळेला राज्य शासनाने तत्काळ १ कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले, हे योग्यच झाले. पेसलाही २००१ मध्ये पद्मश्री आणि २०१४ मध्ये पद्मभूषण मिळाले. ज्याने वाट पाडली, तो मात्र यादीबाहेरच राहिला.

खाशाबांचे नाव निघाले की कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्या प्रवासासाठी आपले घर ७,००० रुपयांना गहाण टाकले, ही हकिकत हटकून सांगितली जाते. हकिकत मोठी आहे, आणि परतल्यावर कुस्त्यांचे फड भरवून खाशाबांनी ते पैसे फेडले, हा तिचा उत्तरार्ध त्याहून मोठा. परंतु आम्हांला असे वाटू लागले आहे की, या गहाणखताच्या गोष्टीखाली पदक झाकले गेले. आपण हळहळतो, डोळे पुसतो आणि तेवढ्यावर कर्तव्य झाले असे मानतो. खाशाबा पद्म सन्मानाला पात्र आहेत ते त्यांच्या गरिबीमुळे नव्हे. कोणाला दया आली काय किंवा न आली काय, हेलसिंकीचा निकाल कागदोपत्री नोंदलेला आहे.

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले आणि सहायक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाले. सरकारी नोकरास पद्म पुरस्कार देत नाहीत, हा आजचा नियम कोणी पुढे करील. त्यास आमचे उत्तर असे की, १९५७ साली हॉकीपटू बलबीर सिंग यांना पद्मश्री मिळाली तेव्हा ते पंजाब पोलिसांत नोकरीस होते. पंजाबच्या पोलिसाला जे लाभले ते महाराष्ट्राच्या पोलिसाच्या वाट्यास का आले नाही, याचे कारण नियमात सापडत नाही. ते शिफारशीत सापडेल. शिफारस करणारा नसेल तर समितीपुढे नावच जात नाही.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी खाशाबा रस्त्यावरील अपघातात गेले. पद्म पुरस्कार सामान्यतः मरणोत्तर देत नाहीत हे खरे, पण अत्यंत पात्र व्यक्तीसाठी अपवादाची वाट ठेवलेली आहे. सरकारच्या मनात असले म्हणजे कालावधी आड येत नाही, हे आपण पाहिलेच आहे. १९८८ साली निवर्तलेल्या कर्पूरी ठाकूर यांना २०२४ मध्ये, तर १९४६ साली निवर्तलेल्या पंडित मालवीयांना २०१५ मध्ये भारतरत्न देण्यात आले. परदेशातील एक उदाहरण येथे फार बोलके आहे. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉलचे 'हॉल ऑफ फेम', म्हणजे त्या खेळाचे कीर्तिमंदिर आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक संघाने निवडलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू चक कूपर १९५० साली बोस्टनकडे आला. तोही खाशाबांप्रमाणेच १९८४ साली वारला. २०१९ मध्ये, मृत्यूनंतर ३५ वर्षांनी, त्या मंदिरात त्याची स्थापना झाली. आपल्याकडे असे राष्ट्रीय कीर्तिमंदिर नाही, आणि लोकांच्या लेखी पद्म-यादी हेच ते मंदिर होऊन बसले आहे. खाशाबांना २००० सालचा अर्जुन पुरस्कार मरणोत्तर दिला आणि २०१० मध्ये दिल्लीतील कुस्तीगृहास त्यांचे नाव दिले, एवढ्याने म्हणूनच भागत नाही.

वसई-विरारकरांचा यात काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या विरारच्या पृथ्वी शॉने २०१३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, शालेय सामन्यात ५४६ धावा काढल्या आणि दुसऱ्या दिवशी देश त्याला ओळखू लागला. क्रिकेटचे हे भाग्य. कुस्ती, कबड्डी वा धावण्यात नाव काढू पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींना ते लाभत नाही. मॅरेथॉनसाठी रस्ते मोकळे करणाऱ्या या शहराला हे समजावून सांगण्याची गरज नसावी.

पद्म पुरस्कारासाठी शिफारस करण्यास आता मंत्री किंवा खासदार असावे लागत नाही. कोणाही नागरिकास केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर ती करता येते. व्यक्तीच्या कार्याची माहिती आठशे शब्दांत लिहावयाची असते. येथील क्रीडामंडळे, व्यायामशाळा आणि शाळांचे मुख्याध्यापक यांनी हे आठशे शब्द लिहावेत. मुदत पावसाळ्यात संपते.