आईच्या मनगटाचा हिशेब

2023 च्या श्रावणातली गोष्ट. आई देवदर्शन करून नागपूरच्या महालातल्या गांधीगेटकडून बडकस चौकाकडे पायी येत होती. मागून दुचाकीचा धक्का बसला आणि ती उजव्या हातावर पडली. दुकानदारांनी उठवलं, पाणी दिलं. गाडीवरचा पोरगा वीस-एकवीस वर्षांचा, थरथरत होता. आईच म्हणाली, "जाऊ द्या, लेकरू आहे. त्याच्या मायला घोर लागेल."

संध्याकाळी त्या पोराचे काका घरी आले. तीन हजार रुपये ठेवले आणि 'आमची काही तक्रार नाही' असं लिहिलेला कागद पुढे केला. आईचा उजवा हात सुजलेला होता, म्हणून तिच्या वतीनं सही मी केली. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, तर मनगटाचं हाड दोन जागी मोडलेलं. ऑपरेशन झालं, प्लेट बसली. खर्च सत्तर हजारांवर गेला.

आज आईचं मनगट पूर्ण वळत नाही. पोळी लाटताना लाटणं डावीकडे ओढलं जातं. धुतलेलं लुगडं पिळायला ती नातीला हाक मारते. एक टोक नातीच्या हातात, दुसरं आईच्या काखेत. ते पाहिलं की मला माझी सही आठवते.

त्या दिवशी मला काय माहीत नव्हतं, ते आज लिहितोय. कायद्याच्या भाषेत हाड मोडणं ही 'गंभीर दुखापत' आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 नुसार अशा दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यू झाल्यास पाच लाख रुपये भरपाई मिळते. त्यासाठी चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. नुकसान याहून मोठं असेल, तर कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात पूर्ण भरपाई मागता येते. तिथे मात्र समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. दोन्हींपैकी मार्ग एकच निवडायचा.

आपण महालातली माणसं दावा का करत नाही? कोर्टाची धास्ती असते हे खरं, पण त्याहून मोठं कारण आपली भिडस्त माया आहे. पोराचं नुकसान नको, असं वाटतं. पण प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो याचसाठी. विमा चालू असेल तर भरपाई विमा कंपनी देते, त्या पोराच्या घरचा डबा रिकामा होत नाही. विमाच नसेल, तर जबाबदारी गाडीमालकावर येते. पोराला मनानं माफ करून आईचा हक्क मागता आला असता. या दोन्ही गोष्टी एकत्र होऊ शकतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरा प्रश्न नातेवाइकांनीच विचारला होता : "काकू कुठे कमावतात? त्यांना कसली भरपाई?" याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं दिलेलं आहे. 2001 च्या लता वाधवा प्रकरणात गृहिणीच्या कामाचं मोल धरलं गेलं. 2021 च्या कीर्ती प्रकरणात तर न्यायालयानं 2011 च्या जनगणनेचा दाखला दिला : घरकाम हेच मुख्य काम असलेल्या स्त्रिया सुमारे सोळा कोटी. त्यांच्या श्रमाला उत्पन्न मानायचं, हा आता कायदा आहे. राज कुमार प्रकरणातला निकालही लक्षात ठेवण्यासारखा आहे. अपंगत्वाची टक्केवारी पाहून थांबायचं नाही, त्या माणसाचं काम काय होतं तेही पाहायचं. हात गेला तर सुताराची सगळीच कमाई जाते.

गाडी पळून गेली, नंबर सापडला नाही, तरी हातावर हात धरून बसू नका. 'हिट अँड रन' योजनेत गंभीर जखमीला 50 हजार आणि मृताच्या वारसांना 2 लाख मिळतात. खड्ड्यामुळे पडलात, तर मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2025 मध्ये दिलेला आदेश आहे : खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास 6 लाख, जखमींना 50 हजार ते अडीच लाख.

वेळेचं भान मात्र ठेवायला हवं. 1 एप्रिल 2022 पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. या अटीला आव्हान दिलेलं आहे आणि केवळ उशिरासाठी दावे फेटाळू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2025 मध्ये अंतरिम आदेशात सांगितलं. तरीही त्या भरवशावर राहू नका. अपघात अमरावतीत झाला आणि तुम्ही महालात राहत असाल, तरी दावा नागपुरात लावता येतो.

म्हणून हात जोडून सांगतो. घरातलं कोणी पडलं, तर आधी गाडीच्या नंबराचा फोटो घ्या. दवाखान्यात 'अपघात' अशी नोंद करायला लावा. पोलीस ठाण्यात तक्रार द्या. औषधाची पाच रुपयांची पावतीही जपा. एक्स-रे निघण्याआधी कोणत्याही कागदावर सही करू नका. वकिलाच्या फीची चिंता असेल, तर सिव्हिल लाईन्सच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो, मग घरचं उत्पन्न कितीही असो. माझ्या आईलाही तो मिळाला असता.