हिंमत नव्हे, स्नायू गेलेले असतात

झरीसारख्या गावातला रुग्ण अत्यवस्थ झाला की आपण त्याला परभणीला नेतो, वेळ पडली तर पुढे नांदेडला. दहा-पंधरा दिवस अतिदक्षता विभागात काढून तो घरी येतो. अल्हम्दुलिल्लाह, जीव वाचतो. पण पाय उचलत नाही. मग आपणच म्हणतो, "अब्बा, जरा हिंमत करा." हिंमत असते, स्नायूच झिजलेले असतात.

ही झीज वजनकाट्यावर कळत नाही, कारण अंगावरची सूज ती झाकते. बेशुद्ध रुग्णाची ताकदही तपासता येत नाही. म्हणून काही रुग्णालयांत मांडीची सोनोग्राफी करतात. खाटेवरच, न दुखवता, मांडीच्या पुढच्या स्नायूचे माप घेतात आणि काही दिवसांनी त्याच जागी पुन्हा घेतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील ६३ गंभीर रुग्णांच्या अभ्यासात दहाव्या दिवशी हा स्नायू सरासरी सुमारे १८ टक्के घटलेला आढळला. अनेक अवयव निकामी झालेल्यांत झीज अधिक होती.

सोनोग्राफीची सोय नसली तरी डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात: हातपाय हलवण्याचा व्यायाम कधी सुरू करायचा आणि अंडी, डाळ, दूध किती द्यायचे? मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे विचारल्याशिवाय देऊच नये.

उभे राहवत नसेल तर बसून, बसवत नसेल तर पडून नमाज अदा करण्याची सवलत दीनने रुग्णाला दिली आहे. मग इयादतीला गेल्यावर आपण त्याला आळशी का ठरवावे?