पाकीट मागून पाहा

‘शुगर फ्री’ बिस्किटं आता आर्वीच्या किराणा दुकानातही मिळतात आणि ती विकत घेणारे बहुतेक आपलेच मधुमेहाचे रुग्ण असतात. “साखर नाही म्हणते याच्यात, मग चालते न डॉक्टरसाहेब?” हा प्रश्न तालुक्याच्या ओपीडीत नवा नाही. आपलं उत्तर मात्र ‘बेकरीचं बंद करा’ एवढ्यावरच संपतं. रुग्ण मान हलवतो आणि पुडा खातच राहतो, कारण त्याच्या लेखी ते बेकरीचं नसून ‘शुगरवाल्यांचं’ असतं.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे दाव्यांविषयीचे नियम 2018 चे आहेत. 100 ग्रॅममध्ये साखर 0.5 ग्रॅमपेक्षा जास्त नसली की ‘शुगर फ्री’ लिहिता येतं. मैद्याचा हिशेब त्यात धरलेला नाही. म्हणून पुडा उलटा करून कार्बोहायड्रेटची ओळ वाचायची. समजा तिथे 100 ग्रॅमला 70 ग्रॅम लिहिलंय. मध्यम पोळीत ते साधारण 15 ते 20 ग्रॅम असतात. म्हणजे दोन वेळच्या चहात शंभर ग्रॅमचा पुडा संपवणाऱ्याने जेवणाव्यतिरिक्त चार पोळ्या खाल्ल्या. हे गणित रुग्णासमोर, त्याच्याच पुड्यावर बोट ठेवून करा. त्याला ते लगेच पटतं. सोडियमचंही तसंच. मिलिग्रॅमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं: 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ, आणि दिवसाची मर्यादा 5 ग्रॅमची.

‘हाय फायबर’साठी 100 ग्रॅमला 6 ग्रॅम तंतू पुरतात. आपल्या ज्वारीत ते 10 ग्रॅमच्या आसपास असतात, पण भाकरीवर लेबल नसतं. ‘कोलेस्टेरॉल फ्री’ तेलाचं तर बोलायलाच नको. कोलेस्टेरॉल प्राणिजन्य पदार्थांतच असतं. घाण्यावरच्या शेंगदाणा तेलातही ते नसतंच.

रुग्णाने हे स्वतः वाचावं, असं आपण म्हणतो खरं. पण 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की झालं. मराठी ऐच्छिक आहे. ज्या पाकिटाचं क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटरहून जास्त नाही, त्याला पोषणमाहिती छापण्यातून सूटही आहे. दुकानात माळेने लटकणाऱ्या चिमुकल्या पुड्या पोरं घेतात, त्यांवर वाचायला काही नसलं तरी नियम मोडत नाही. ही सूट मला अन्यायाची वाटते. ती जाईपर्यंत लेबल समजावून सांगण्याचं काम डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि आशाताईंनाच करावं लागणार. पुढच्या तपासणीला येताना घरातली पाकिटं घेऊन यायला सांगा. चिठ्ठीवर तसं मराठीत लिहून द्या.

सगळ्यात तातडीचा विषय ओआरएसचा. ऑक्टोबर 2025 मध्ये प्राधिकरणाने पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायची मुभा काढून घेतली. ती पेयं तोवर औषध दुकानांतूनही विकली जात होती. त्यांतली साखर खऱ्या ओआरएसच्या कित्येक पट. जुलाब झालेल्या बाळाला ती दिली तर आतड्यात पाणी आणखी ओढलं जातं. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात ही चूक बाळाच्या जिवावर बेतू शकते. उन्हाळ्याआधी आपापल्या गावातल्या औषध दुकानदारांसोबत एकदा बसा आणि जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र त्यांना लिहून द्या: 1 लिटर पाण्याला 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, 2.9 ग्रॅम सायट्रेट. पुडीवर हे आकडे असतील तरच ती ओआरएस म्हणून गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी.