प्रमाणपत्राच्या वेष्टनातील परवाना

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात १९६५ साली एक कायदा झाला. विद्यापीठाची पायरी ज्यांना चढता येत नाही अशा कामगार व मध्यमवर्गीय कुटुंबांतील मुलामुलींना आपल्या गावाजवळ, माफक शुल्कात, हाताला काम देणारे शिक्षण मिळावे हा त्यामागचा हेतू होता. त्यातून सार्वजनिक महाविद्यालयांचे जाळे उभे राहिले. आज अशी चोवीस महाविद्यालये त्या प्रांतात आहेत. लोकांच्या पैशाने, लोकांसाठी. समाजवादी माणसाने मनापासून कौतुक करावे अशीच ती योजना होती. पुढे पंचावन्न वर्षांनी प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी या महाविद्यालयांचे जमाखर्च तपासले. २०२१ च्या त्यांच्या अहवालात जे चित्र निघाले ते असे : २०२०-२१ मध्ये एकूण विद्यार्थ्यांत परदेशी विद्यार्थी सुमारे ३० टक्के, परंतु शुल्कापोटी मिळणाऱ्या उत्पन्नात त्यांचा वाटा ६८ टक्के, आणि या परदेशी विद्यार्थ्यांपैकी ६२ टक्के एकट्या भारतातले. म्हणजे ऑन्टारिओच्या कामगारांच्या मुलांसाठी काढलेली महाविद्यालये लुधियाना, सुरत आणि नाशिककडच्या बापांच्या कर्जावर चालू लागली होती.

हे आपोआप घडले नाही. सरकारने अनुदानाचा हात आखडता घेतला की संस्थेला दोनच वाटा उरतात : शुल्क वाढवणे किंवा अभ्यासक्रम बंद करणे. ऑन्टारिओच्या सरकारने २०१९ मध्ये देशी विद्यार्थ्यांच्या शुल्कात १० टक्के कपात जाहीर केली आणि ते तेथेच गोठवून ठेवले. ऐकायला ही घोषणा पुरोगामी वाटते. परंतु कपातीची भरपाई तिजोरीतून करायची नाही, असेही त्याच वेळी ठरले होते. मग भरपाई कोणी करायची? ज्याला त्या प्रांतात मत नाही, ज्याच्यासाठी विधिमंडळात कोणी प्रश्न विचारणार नाही आणि ज्याच्या शुल्कावर मर्यादा नाही, त्याने. परदेशी विद्यार्थ्याचे शुल्क देशी विद्यार्थ्याच्या चार-पाच पट असते. आपल्या मतदाराला सवलत द्यायची आणि तिचे बिल समुद्रापलीकडच्या माणसाच्या नावे फाडायचे, ही राजकीय कला दादाभाई नौरोजींनी ओळखली असती. १९०१ च्या त्यांच्या ग्रंथात संपत्तीच्या ज्या ओघाचा हिशेब आहे, तो जबरीचा होता. हा ओघ राजीखुशीचा आहे, एवढा भेद मात्र मान्य केला पाहिजे.

विकायचे काय, याचे उत्तर या महाविद्यालयांना एका वर्षाच्या पदव्युत्तर प्रमाणपत्रात सापडले. दोन सत्रे, आठ ते बारा महिने. प्रकल्प व्यवस्थापन, पुरवठा साखळी, मनुष्यबळ, जागतिक व्यापार, विदा विश्लेषण असे विषय. प्रवेशाला कोणतीही पदवी चालते. या अभ्यासक्रमांना यंत्रशाळा लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. एक खोली, एक पडदा आणि सत्रागणिक कंत्राटावर नेमलेला एक शिक्षक एवढ्यावर भागते. उत्तरेकडील व दूरच्या गावांतील काही महाविद्यालयांनी तर टोरांटोच्या उपनगरांत खासगी भागीदाराला वर्ग चालवायला दिले आणि प्रमाणपत्रावर आपला शिक्का तेवढा उमटवला. सुतारकाम, वीजकाम, शुश्रूषा यांसारखे खर्चिक अभ्यासक्रम चालू राहिले ते या स्वस्त वर्गांच्या नफ्यावर, हेही नमूद करायला हवे. कारण पुढे दोन्ही एकदमच गडगडले.

विद्यार्थी मात्र ती खोली आणि तो पडदा विकत घेत नव्हता. अभियांत्रिकीची चार वर्षे आणि नोकरीची चार-पाच वर्षे पदरी असलेल्या माणसाला प्रकल्प व्यवस्थापनाच्या दोन सत्रांतून नवीन असे फार थोडे मिळते, आणि ते तो जाणूनही असतो. तो विकत घेत होता काम करण्याचा परवाना. कॅनडाच्या नियमानुसार आठ महिन्यांपेक्षा कमी मुदतीच्या अभ्यासक्रमानंतर असा परवाना मिळतच नाही. आठ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत जितका अभ्यासक्रम तितक्याच मुदतीचा परवाना मिळतो. आणि दोन वर्षे वा अधिक झाली की तीन वर्षांचा. अर्थशास्त्रात मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये असे मांडले होते की पदवी ही पुष्कळदा कौशल्य देत नाही, मालकाला केवळ खूण देते. या व्यवहारात खूणही मालकासाठी उरली नाही. ती परवाना देणाऱ्या कारकुनासाठी होती. प्रमाणपत्र हे वेष्टन, आत माल परवान्याचा.

आता या मालाचा हिशेब पाहावा. कारण तो दलालाच्या कार्यालयात सांगितला जात नाही. समजा, एकाने एक वर्षाचे प्रमाणपत्र घेतले. शुल्क पंधरा-सोळा हजार कॅनेडियन डॉलर. निर्वाहासाठी पैसे असल्याचा पुरावा म्हणून २०२३ अखेरपर्यंत दहा हजार डॉलर दाखवावे लागत. १ जानेवारी २०२४ पासून ही रक्कम २०,६३५ झाली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. विमानभाडे, विमा, परीक्षांची शुल्के धरून एकूण खर्च वीस-पंचवीस लाख रुपयांच्या घरात जातो. त्यातील वीस लाख कर्ज, बारा टक्के व्याज, दहा वर्षांची फेड असे धरले तर मासिक हप्ता सुमारे २८,७०० रुपये पडतो आणि दहा वर्षांत चौतीस लाखांहून अधिक रक्कम बँकेत भरावी लागते. शिकत असतानाचे व्याज याखेरीज.

कॅनडात राहायचे तर हा हप्ता झेपण्याजोगा आहे. म्हणून सगळा प्रश्न राहता येण्याचा आहे. कायम वास्तव्यासाठी सर्वांत रुळलेली वाट म्हणजे कॅनडातील एक वर्षाचा कुशल कामाचा अनुभव. गोदामात खोकी उचलणे, दुकानात गल्ल्यावर बसणे हे काम त्यात धरले जात नाही. ज्याच्या हाती एकाच वर्षाचा परवाना आहे त्याने उतरल्या दिवसापासून कुशल नोकरी धरली तरच बारा महिने पुरे होतात. तीन महिने शोधण्यात गेले की गणित संपले. शिवाय गुणांकनाच्या पद्धतीत एक-दोन वर्षांच्या कॅनेडियन प्रमाणपत्राला जादा १५ गुण मिळतात, तर तीन वर्षांच्या पदवीला वा पदव्युत्तर पदवीला ३०. आणि २०२५ मध्ये अनुभवाच्या या वर्गातील निवडीची रेषा ५०० गुणांच्या वर राहिली. या अडचणीवर बाजाराने काढलेला उपाय मोठा चतुर होता. एकापाठोपाठ एक अशी दोन प्रमाणपत्रे घ्यावीत, दोन्हींची मुदत जोडून दाखवावी आणि तीन वर्षांचा परवाना मिळवावा. नियमाला ते मंजूर होते. प्रकल्प व्यवस्थापनानंतर पुरवठा साखळी, किंवा उलट, क्रम कोणताही. विद्येच्या दृष्टीने यात काही अर्थ होता असे ते शिकवणाऱ्यांनाही वाटले नसेल.

मधल्या काळात पोट भरायला गोदाम आणि दुकान होतेच. कोविडनंतर कामगार मिळेनात म्हणून कॅनडा सरकारने नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थ्यांवरील आठवड्याला वीस तासांची मर्यादा उठवली. एप्रिल २०२४ अखेर ती पुन्हा आली आणि नोव्हेंबरमध्ये चोवीस तासांवर स्थिरावली. ज्या देशाला खरोखर विद्यार्थीच हवे असतात तो देश त्यांच्या कामाचे तास उद्योगांच्या गरजेनुसार सैल आणि घट्ट करीत नाही. वेतन बुडवणारे मालकही निघाले. ब्रॅम्प्टन येथे २०२१ मध्ये प्रामुख्याने पंजाबी विद्यार्थी-कामगारांनी ‘नौजवान सपोर्ट नेटवर्क’ उभे केले आणि थकवलेल्या मजुरीसाठी मालकांच्या दारात निदर्शने करून ती वसूलही केली. परदेशात, अपुऱ्या हक्कांनिशी, युनियनचे छत्र नसताना उभी राहिलेली ही चळवळ आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

२०२४ मध्ये बाजार कोसळला. घरांची टंचाई आणि भाडेवाढ यांचा राग विद्यार्थ्यांकडे वळला होता. २०२३ अखेर देशात शिक्षण परवानाधारकांची संख्या दहा लाखांवर गेली होती. २२ जानेवारी २०२४ रोजी मंत्री मार्क मिलर यांनी नव्या परवान्यांवर मर्यादा घातली : त्या वर्षी सुमारे ३,६०,००० मंजुऱ्या, म्हणजे आदल्या वर्षाहून ३५ टक्के कमी. खासगी भागीदारीतील वर्गांना नवा प्रवेश घेणाऱ्यांचा काम-परवान्याचा हक्क त्याच वर्षी गेला. १ नोव्हेंबर २०२४ पासून महाविद्यालयीन प्रमाणपत्रांपैकी ठराविक क्षेत्रांतील अभ्यासक्रमांनाच, म्हणजे आरोग्य, विज्ञान-तंत्रज्ञान, बांधकाम-व्यवसाय, वाहतूक, शेती यांनाच काम-परवाना जोडला गेला. व्यवस्थापनाची बहुतेक प्रमाणपत्रे एका रात्रीत नुसते वेष्टन उरली. २०२६ साठी नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांचे लक्ष्य १,५५,००० वर आणले गेले. सार्वजनिक संस्थांतील पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मात्र १ जानेवारी २०२६ पासून मर्यादेतून वगळले आहे. रॉयटर्सच्या वृत्तानुसार ऑगस्ट २०२५ मध्ये भारतातून आलेल्या अर्जांपैकी सुमारे ७४ टक्के नाकारले गेले. दोन वर्षांपूर्वीच्या त्याच महिन्यात हे प्रमाण ३२ टक्के होते.

घरे कमी पडली याचा दोष विद्यार्थ्यांवर टाकणे हा शुद्ध कांगावा होय. त्यांना बोलावले सरकारने, त्यांच्याकडून पैसे घेतले महाविद्यालयांनी, वसतिगृहे कोणीच बांधली नाहीत. आणि एकेका तळघरात आठ-आठ जण राहू लागल्यावर भाडे वाढवण्याचे श्रेय घरमालकांऐवजी भाडेकरूंना मिळाले. पैसा आटल्यावर ऑन्टारिओच्या महाविद्यालयांनी शेकडो अभ्यासक्रम बंद वा स्थगित केले. हजारो शिक्षक व कर्मचाऱ्यांची कपात झाली, आणि सत्राच्या कंत्राटावर असलेले त्यात सर्वांत आधी गेले. अनुदानाचा हात आखडून उभा केलेला हा डोलारा पडला तेव्हा त्याखाली ब्रॅम्प्टनचा विद्यार्थी आणि टोरांटोचा कंत्राटी शिक्षक दोघेही सापडले. दोघांच्या संघटनांनी एकाच मागणीपत्रावर सह्या केल्या असत्या तर बरे झाले असते.

या सर्व व्यवहारात एकच घटक असा आहे की ज्याला तोटा झाला नाही : दलाल. ज्याला आपल्याकडे ‘सल्लागार’ म्हणतात, तो विद्यार्थ्याचा सल्लागार नसतो, महाविद्यालयाचा विक्रेता असतो. पहिल्या वर्षाच्या शुल्काचा ठराविक हिस्सा त्याला दलाली म्हणून मिळतो. महालेखापरीक्षकांच्या त्याच अहवालाप्रमाणे २०२०-२१ या एका वर्षात ऑन्टारिओच्या सार्वजनिक महाविद्यालयांनी अशी अकरा कोटींहून अधिक डॉलर दलाली दिली. पुण्यातल्या वा नागपुरातल्या कार्यालयात ‘सल्ला विनामूल्य’ अशी पाटी असते ती यामुळेच. पंजाबने अशा धंद्यासाठी २०१२ मध्ये कायदा करून परवाना सक्तीचा केला. तरीही २०२३ मध्ये बनावट प्रवेशपत्रांवर गेलेल्या पंजाबच्या शेकडो मुलांचे प्रकरण उघडकीला आलेच. केंद्राच्या १९८३ च्या उत्प्रवास कायद्यात नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या दलालाला नोंदणी आणि अनामत यांचे बंधन घातले गेले, विद्यार्थी पाठवणाऱ्याला नाही. आखातात गवंडी पाठवणाऱ्यावर सरकारची नजर असावी आणि वीस लाखांचे कर्ज काढायला लावून अभियंता पाठवणाऱ्यावर असू नये, याचे कारण एकच : दुसरा व्यवहार अजून शिक्षण म्हणून नोंदला जातो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोडसाळ नाही. तरुणांना जायचे आहे. इथे पदवीधराला बारा-पंधरा हजारांवर राबवून घेतात. जो गेला त्याने बहिणीचे शिक्षण केले, घर बांधले. त्याला अडवणारे तुम्ही कोण? अडवण्याचा प्रश्नच नाही. स्थलांतर हा श्रमिकाचा हक्क आहे आणि रत्नागिरीहून मुंबईच्या गिरणीत गेलेल्यांच्या वारसांनी तरी तो नाकारू नये. पण गिरणीत जाणाऱ्याला कामाचा दाखला विकत घ्यावा लागत नसे. येथे श्रमाचा हक्क शिक्षणाच्या दुकानातून, उधारीवर, परत न घेण्याच्या अटीवर विकला गेला. आणि नियम बदलण्याची सारी जोखीम ग्राहकाकडे राहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये परवाने संपत आलेले पदवीधर कामगार ब्रॅम्प्टनमध्ये रस्त्याकडेला तंबू ठोकून बसले, तेव्हा त्यांची मागणी भीक नव्हती. ज्या आश्वासनावर पैसे घेतले ते पाळा, एवढीच होती.

महाराष्ट्रात या प्रश्नावर पक्षाने काही करायचे तर ते जिल्हा पातळीवर करता येण्याजोगे आहे. प्रत्येक परदेश-शिक्षण सल्लागाराची नोंदणी व्हावी. कोणत्या संस्थेकडून किती दलाली मिळते हे त्याने पालकाला लेखी द्यावे. अभ्यासक्रमाला काम-परवाना जोडलेला आहे काय, किती मुदतीचा, आणि कोणत्या तारखेच्या नियमानुसार, हे पावतीवर छापलेले असावे. राष्ट्रीयीकृत बँकांनी कर्ज मंजूर करताना प्रमाणपत्र आणि पदवी यांत भेद करावा. आज तारण पुरेसे असले की शेत कोणत्या वेष्टनासाठी गहाण पडते आहे हे सहसा कोणी विचारत नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांपुरती आहे. तिच्या जागा वाढवण्याची मागणी याच निवेदनात घालायला हरकत नाही, कारण कर्जाशिवाय जाण्याची ती फार थोड्या वाटांपैकी एक आहे. आणि हे लवकर व्हावे. कॅनडाच्या पाट्या उतरू लागल्या आहेत, त्यांच्या जागी जर्मनी, आयर्लंड, न्यूझीलंड अशी नावे चढत आहेत. कार्यालय तेच, टेबल तेच, आणि ‘सल्ला विनामूल्य’ हे शब्दही तेच आहेत.