ट्रेलरमधला दुष्काळ ओळखीचा वाटतो का?

'कल्की २८९८ एडी'चा ट्रेलर १० जून २०२४ ला आला. कॉलेजं अजून नीट सुरू झाली नव्हती, पण व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल लागूनही गेला होता. कुणी म्हणतं, 'भारी, हॉलिवूडला टक्कर!' कुणी म्हणतं, ''ड्यून'ची कॉपी.' कुणाला ग्राफिक्स व्हिडिओ गेमसारखं वाटतंय. पिक्चर यायचा होता २७ जूनला.

ट्रेलरवरून मत बनवण्यात गैर काहीच नाही. शहापूरच्या पोरांना आसनगावहून लोकल पकडायची, मुरबाडला तर रेल्वेच नाही, एसटीने कल्याण गाठायचं. जाणं-येणं, तिकीट, मध्यंतरातलं खाणं धरलं तर खिशाला चांगलीच कात्री लागते. तेव्हा आधी पारखून घेणं शहाणपणाचंच. पण आपण नेमकं काय पारखतो?

याच पिक्चरचं उदाहरण घ्या. जुलै २०२३ मध्ये प्रभासचं पहिलं पोस्टर आलं आणि त्याची यथेच्छ टिंगल झाली. पुढच्या दोनेक दिवसांत अमेरिकेतल्या कॉमिक-कॉनमध्ये छोटी झलक दाखवली, तर टिंगल करणारेच टाळ्या वाजवायला लागले. पिक्चर तोच होता. म्हणजे दोन्ही वेळा आपण जाहिरातीलाच मार्क दिले.

पोस्टर चेहरे विकतं. प्रभास, अमिताभ, कमल हासन, दीपिका. एवढी नावं असली की गोष्ट काय आहे हे विचारायचं राहून जातं. आपल्या जयंत नारळीकरांनी हे बरोबर ओळखलं होतं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवताना त्यांनी नाव घातलं नारायण विनायक जगताप. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली, अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून कथा लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं ते कथेला, नावाला नाही.

तसंच नावं झाकून हा ट्रेलर पुन्हा बघा. दिग्दर्शक नाग अश्विनने उभी केलेली काशी कोरडी आहे, धुळीने भरलेली. माणसं जगण्यासाठी धडपडतायत. आणि डोक्यावर, आकाशात, उलट्या पिरॅमिडसारखं एक अवाढव्य शहर लटकतंय, 'कॉम्प्लेक्स'. सगळं चांगलंचुंगलं तिथं. खालच्यांनी फक्त मान वर करून बघायचं.

कुठेतरी बघितल्यासारखं वाटतं ना? भातसा शहापूर तालुक्यात. तानसाही इथेच, १८९२ पासून मुंबईची तहान भागवतंय. मुंबईच्या पाण्यात जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. बारवीसाठी मुरबाडच्या गावांनी जमिनी दिल्या आणि पाणी गेलं कारखान्यांना, शहरांना. आणि आपल्याकडे? उन्हाळा लागला की पाड्यापाड्यांवर टँकरची वाट, बायांच्या डोक्यावर हंडे. धरण उशाला, कोरड घशाला. दिग्दर्शकाला जे बघायला सन २८९८ पर्यंत जावं लागलं, ते आपल्याकडे दर मे महिन्यात दिसतं.

म्हणून माझ्या मते या ट्रेलरमधली सर्वात कडक गोष्ट सहा टनांची बुज्जी गाडी नाही, वर-खाली अशी वाटली गेलेली ती दुनिया आहे. आणि ट्रेलरची सर्वात मोठी कमजोरीही तिथेच. ही दुनिया दाखवून झाली की बाकी सगळा वेळ मारामारी, स्फोट, स्टारची एन्ट्री. प्रश्न विचारायचा आणि उत्तर येण्याआधी बॉम्ब फोडायचा, असं पिक्चरमध्येही झालं तर तीन तास रोषणाई बघितल्यासारखं होईल.

कारण खऱ्या आयुष्यात 'कॉम्प्लेक्स'मध्ये राक्षस राहत नाहीत. मुंबईत आपलेच काका-मावशी राहतात, आपल्यातलेच कितीतरी जण रोज लोकलने तिथं कामाला जातात. तिथला नळ बंद करा असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण ज्याच्या दारातून पाइपलाइन जाते त्याच्या घरी नळ का नाही, हे विचारायला व्हिलन लागत नाही. चांगला सायन्स फिक्शन पिक्चर हेच करतो. उद्याची गोष्ट सांगता सांगता आजचा प्रश्न अंगावर आणतो.

तेव्हा पिक्चर बघायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. ग्राफिक्सला मार्क द्याच, मेहनत आहे ती. पण थिएटरमधून बाहेर पडताना एकमेकांना एवढंच विचारा: खालच्या माणसांना पाणी मिळालं का? मिळालं तर ते कसं? याचं उत्तर पिक्चरने दिलं असेल, तर तिकिटाचे पैसे वसूल. आणि दिलं नसेल, तर पुढच्या वेळी गावात टँकर येईल तेव्हा हाच प्रश्न ग्रामसभेत विचारा. तिथं तिकीट लागत नाही.