घोडी विणार, हे कसे ओळखावे?

घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा, म्हणजे साधारण ३४० दिवसांचा असतो. पण एखादी घोडी ३२० दिवसांतच विते, तर एखादी ३६० दिवस घेते. म्हणून केवळ तारखेवर विसंबून न राहता घोडीच्या अंगावरची लक्षणे रोज पाहावीत.

विण्यापूर्वी दोन ते चार आठवडे कास भरू लागते. पुढे शेपटीच्या मुळाजवळचे स्नायू ढिले पडतात, निरण सैल होऊन लांबट दिसते. सडांच्या टोकांवर मेणासारखे पिवळसर थेंब जमले, की बहुधा एक ते तीन दिवसांत घोडी विते. मात्र चीक आधीच गळू लागला, तर पशुवैद्यांना कळवावे. शिंगराला रोगांशी लढण्याची शक्ती त्या चिकातूनच मिळते.

वेळ जवळ आली, की घोडी बेचैन होते, घामाघूम होते, कुशीकडे वळून पाहते, सारखी उठबस करते. बहुतेक घोड्या रात्रीच वितात, तेव्हा गडबड न करता लांबूनच लक्ष ठेवावे. पाणमोट फुटल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवे. आधी पुढचे दोन पाय, मग नाक. तसे न दिसल्यास ताबडतोब पशुवैद्यांना बोलवावे. पांढुरक्या पडद्याऐवजी मखमली लाल पडदा दिसला, तर कोणाची वाट न पाहता तो फाडावा. नाहीतर शिंगरू आतच गुदमरते.

शिंगराने तासाभरात उभे राहावे, दोन तासांत दूध प्यावे आणि तीन तासांत घोडीची वार पडावी. पशुवैद्यांचा फोन नंबर तबेल्याच्या भिंतीवर आधीच लिहून ठेवावा.